हिशेबाची वही कुठे मिटते?

(जिल्हा बैठकीत ऊसउत्पादक कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण. गावोगावच्या बैठकांत वाचून दाखवता यावे म्हणून बोलले तसेच छापले आहे.)



मागच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला प्रश्न विचारला. तो म्हणाला, "आता कारखाने उपग्रहावरून ऊस बघणार, कॉम्प्युटर तोडीचा प्रोग्राम लावणार. मग आपण भांडायचं कुणाशी? यंत्राशी?" सगळे हसले. आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र झोप लागेना, कारण त्या पोराचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केले. बारामतीला उसाच्या शेतात त्याच तंत्राची प्रात्यक्षिके झाली. कोणत्या प्लॉटला कधी पाणी, कोणता ऊस कधी पक्व, कोणती टोळी कोणत्या फडात, कोणता ट्रक कोणत्या रस्त्याने, हे सगळे यापुढे गणिताने ठरणार. इंग्रजी शिकलेली मंडळी याला 'डिसिजन सपोर्ट मॉडेल' म्हणतात. आपण आज त्याला सरळ 'निर्णयाचे गणित' म्हणू.

हे गणित चांगले की वाईट, असा वाद घालायला आम्ही उभे नाही. विळा चांगला की वाईट असे कुणी विचारत नाही. विळा कुणाच्या हातात आहे आणि तो काय कापतोय, एवढेच आपण पाहतो.

गणित नवे नाही

सुरुवातीलाच एक भीती काढून टाकू. हे गणित आपल्यापैकी प्रत्येकजण करतो. चार एकर रान, एक विहीर, घरात तीन कामाची माणसे आणि सोसायटीचे एवढे कर्ज. त्यात ऊस किती, ज्वारी किती, जनावरांना कडवळ किती, हे मृगाच्या आधी बांधावर बसून जो ठरवतो तो निर्णयाचे गणितच मांडत असतो. त्यात तीन गोष्टी असतात. एक, मला काय साधायचे आहे. दोन, माझ्या हातात काय काय तोकडे आहे. तीन, माझ्यापुढे पर्याय कोणते. कॉम्प्युटरच्या गणितातही याच तीन गोष्टी असतात. फरक एवढाच की आपण दहा पर्याय तोलतो आणि यंत्र दहा लाख तोलते.

१९३८ साली रशियात कांतोरोविच नावाच्या गणितज्ञापुढे प्लायवूडच्या कारखान्याचा प्रश्न आला. यंत्रे इतकी, लाकडाचे प्रकार इतके, तर कुठल्या यंत्रावर कुठले लाकूड घातले म्हणजे माल जास्तीत जास्त निघेल? १९४७ साली अमेरिकेत डँट्झिगने असे प्रश्न पायरीपायरीने सोडवण्याची पक्की रीत बसवली. तीच रीत पुढे जगभर तेलाच्या कारखान्यांत, रेल्वेत, विमान कंपन्यांत आणि साखरेच्या धंद्यात शिरली.

पण या गणिताचा एक स्वभाव ध्यानात ठेवा. काय साधायचे, हे गणित कधीच सांगत नाही. ते माणसाने सांगायचे असते. एकदा सांगितले की गणित इमानी नोकरासारखे तेच साधून देते आणि वहीत ज्याची नोंद नाही ते बेधडक तुडवून जाते.

दिल्लीतले एक जुने गणित

शेतकऱ्याच्या बाबतीत हे पूर्वी झाले आहे काय? झाले आहे, आणि फार मोठ्या प्रमाणावर झाले आहे.

१९५६ साली दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. तिच्यामागे प्रा. महालनोबीस यांचे गणित होते. माणूस विद्वान होता, त्याबद्दल शंका नाही. त्यांनी देशाच्या अर्थव्यवस्थेचे चार खण केले. पहिला यंत्रसामग्रीचा, दुसरा कारखान्यात होणाऱ्या रोजच्या वापराच्या मालाचा, तिसरा घरगुती उद्योग आणि शेतीचा, चौथा सेवांचा. देशातली बहुसंख्य माणसे जिच्यावर जगत होती ती शेती स्वतंत्र खणसुद्धा झाली नाही. तिला घरगुती उद्योगांबरोबर एका खणात बसवले.

पुढची गंमत अशी. एक रुपया गुंतवला तर वर्षाला किती उत्पन्न वाढेल, याचे आकडे त्या गणितातच दिले होते. यंत्रसामग्रीच्या खणात रुपयामागे २० पैसे. शेती आणि घरगुती उद्योगांच्या खणात रुपयामागे सव्वा रुपया! आता तुम्ही म्हणाल, मग पैसा शेतीकडे आला असेल. तसे झाले नाही. एकूण गुंतवणुकीचा एक तृतीयांश वाटा यंत्रसामग्रीला जाणार, हे गणित सुरू होण्याआधीच ठरवून टाकलेले होते. उरलेले उरलेल्या तीन खणांत कसे वाटायचे, एवढेच गणिताला विचारले. आज यंत्रे केली तर पुढच्या पिढीचे उत्पन्न वाढेल, असे त्यामागचे म्हणणे होते. ते म्हणणे बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. आमचा मुद्दा वेगळा आहे. तो निर्णय गणिताने केलेला नव्हता. तो गणिताच्या आधी झाला होता आणि गणिताच्या पोटात घालून लोकांपुढे आला होता. 'शास्त्राने असे सिद्ध झाले' म्हटल्यावर खेड्यातला माणूस काय बोलणार?

आमच्या हातून झालेले गणित

दिल्लीच्या विद्वानांना बोल लावणे सोपे आहे. आता आमच्याच हातून काय झाले ते सांगतो.

कृषी पदवी घेऊन आम्ही तिघे मित्र एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात लागलो. तेव्हा तोडीचा प्रोग्राम म्हणजे शेतकी अधिकाऱ्याची वही, चिटबॉयची मर्जी आणि संचालकांचा फोन. आम्हाला वाटले, हे सगळे शास्त्रशुद्ध करू. लागणीची तारीख, जात, आडसाली की पूर्वहंगामी की सुरू की खोडवा, फडाचे अंतर, रस्त्याची अवस्था, टोळ्या, ट्रक-ट्रॅक्टर आणि टायरगाड्यांची संख्या हे सगळे कॉम्प्युटरमध्ये भरले. हातातल्या ब्रिक्स मीटरने फडाफडांत रसाची गोडी मोजली. आणि यंत्राला उद्दिष्ट सांगितले की कारखाना एक तासही उसाअभावी बंद पडू नये आणि रोजचा वाहतूक खर्च कमीत कमी व्हावा.

प्रोग्राम झकास बसला. नोव्हेंबर-डिसेंबरात जवळचे फड, मोठे फड, डांबरी रस्त्याकडेचे फड. एका ट्रकच्या दिवसात जास्त खेपा. गव्हाण एकदाही रिकामी राहिली नाही. आमची पाठ थोपटली गेली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक आजी ऑफिसात आल्या. खांद्यावर एकच ऊस. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि विळ्याने मधोमध चिरला. आतून पांढरा, पोकळ, कापसासारखा. त्या म्हणाल्या, "सायेब, तुमच्या त्या डब्याला माझा ऊस दिसला न्हाई का?"

आम्ही घाईघाईने यादी काढली. वाटले, नाव राहून गेले असणार. नाव राहिले नव्हते. एक एकर आडसाली, अंतर ३५ किलोमीटर, शेवटचे दोन किलोमीटर पाणंद. सगळे बरोबर भरलेले होते. यंत्राने तो ऊस पाहिला होता, तोलला होता आणि समजून-उमजून शेवटी टाकला होता. यंत्राची चूक नव्हती, भावांनो. आम्ही जे मागितले तेच त्याने दिले होते. आजींच्या उसाचे वजन घटते हे आम्ही त्याला सांगितलेच नव्हते, कारण ती घट कारखान्याच्या वहीत कुठेच येत नव्हती.

आणि एक गोष्ट कबूल करायला हवी. कॉम्प्युटरची यादी भिंतीवर लागली तरी फोनची यादी खिशात राहिलीच. ज्याचा वशिला होता त्याचा ऊस दूरचा असूनही डिसेंबरात तुटला. म्हणजे शास्त्राचा नियम लागला तो फक्त बिनवशिल्याच्या माणसाला. त्यानंतर आमच्यापैकी दोघांनी नोकरी सोडली. आज तुमच्यापुढे उभे आहोत ते त्या चिरलेल्या उसामुळे.

काट्याच्या अलीकडे आणि पलीकडे

आता तो हिशेब पुरा करू. आकडे सोपे धरू, तुम्ही आपापले घालून बघा.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. तोडणी-वाहतुकीचे समजा ९०० रुपये वजा केले, तर हातात २,६५० रुपये. एक एकरात ५० टन आडसाली ऊस आहे. तो डिसेंबरात तुटायला हवा होता, तुटला मार्चअखेर. पाणी तुटले, तुरा आला, ऊस लोळला, उंदरांनी खाल्ला. वजन समजा दहा टक्के घटले. पाच टन गेले, म्हणजे १३,२५० रुपये गेले. चार पाळ्या पाणी जास्त द्यावे लागले. शेत अडकले म्हणून मधले पीक गेले. १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये असे कृषी विद्यापीठाची माणसे सांगतात, म्हणजे खोडवाही गेला आणि नवीन लागणीचा खर्च आला. वर टोळीला खुशाली आणि ड्रायव्हरला एन्ट्री. उशिराच्या हंगामात या दोन्हींचा भाव काय असतो ते मी सांगायची गरज नाही.

आता कारखान्याचे काय वाचले ते पाहा. वाहतूक? आजींचा ऊस ३५ किलोमीटरवरच होता. डिसेंबरात आणला असता तरी ३५, मार्चमध्ये आणला तरी ३५. हंगामाचा एकूण वाहतूक खर्च बदललाच नाही! वाचली ती फक्त हंगामाच्या सुरुवातीची ओढाताण. आणि तो ऊस दुसऱ्या कारखान्याने नेला किंवा शेतातच वाळून गेला, तरच वाहतूक खरोखर वाचली. कारखान्याची वही धुराडे थंड झाले त्या दिवशी मिटते. शेतकऱ्याची वही त्या दिवशी मिटत नाही, ती पुढच्या खोडव्यापर्यंत चालते. कोणाची वही कोणत्या दिवशी मिटते, यावर कुणाचा तोटा गणितात येणार आणि कुणाचा नाही हे ठरते.

तसेच यार्डातले. ऊस तुटल्यापासून चोवीस तासांत गाळला पाहिजे, हे सगळे जाणतात. उशीर झाला की पाणी उडून वजन घटते आणि साखर मोडते. पण वाहन काट्यावर चढेपर्यंत जे वजन सुकले ते शेतकऱ्याचे गेले. काटा ओलांडल्यावर जे गेले ते कारखान्याचे. म्हणून कारखान्याच्या गणितात गव्हाण रिकामी राहिल्याचा दंड मोठा आणि गाड्यांची रांग लांबल्याचा दंड शून्य. रांगेत गाडीवान थांबतो, बैल थांबतात. फडात टोळी थांबते, कोपीतली लेकरेबाळे उपाशी थांबतात. त्यांचे थांबणेही कुणाच्या वहीत नसते. ऊसतोड कामगार आपला शत्रू नाही, हे अशा वेळी आठवावे. त्याचा आणि आपला तोटा एकाच रकान्यातून पुसला गेलेला आहे.

म्हणून गणित फेकून द्यायचे काय?

बिलकूल नाही. उलट बाजू पाहा. एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे. २०२५-२६ च्या दराने १०.२५ च्या वर दर ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे मिळतात. वशिल्याऐवजी पक्वतेच्या क्रमाने तोड झाली, ताजा ऊस गव्हाणीत पडला आणि त्यामुळे उतारा ०.३ टक्क्याने वाढला, असे धरा. टनामागे १०३ रुपये ८० पैसे झाले. सहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात ही रक्कम सुमारे सव्वासहा कोटी होते. हा पैसा कुणाच्या खिशातून काढायचा नाही. तो फडात उभा आहे आणि अव्यवस्थेमुळे मातीत चालला आहे. तो वर काढायला गणित हवेच. ज्याला गणित नको आहे तो शेतकऱ्याचा कैवारी नव्हे. बहुतेक वेळा तो खिशातल्या यादीचा मालक असतो.

आपलेही कान धरायला हवेत. लागणीची तारीख महिनाभर आधीची सांगणारे आपल्यात नाहीत काय? एकाच उसाची नोंद दोन-दोन कारखान्यांत करणारे नाहीत काय? नंबर लवकर यावा म्हणून आपण हे करतो. पण पेरावे तसे उगवते. खोट्या तारखा पेरल्या तर यादीही खोटीच उगवणार आणि त्यात आधी मरणार तो खरी तारीख सांगणारा.

२०२१-२२ चा हंगाम आठवा. त्याआधीचे पाऊस बरे झाले होते आणि ऊस वाढला होता. सुरुवातीचे सगळे अंदाज तोकडे पडले. राज्यात सुमारे १,३२० लाख टन ऊस गाळला गेला, सुमारे १३७ लाख टन साखर झाली आणि महाराष्ट्र उत्तर प्रदेशाच्या पुढे गेला. वर्तमानपत्रांत विक्रमाचे मथळे आले. त्याच वेळी मराठवाड्यात मे महिना सरला तरी ऊस उभा होता आणि धुराडी जूनपर्यंत पेटत राहिली. शेवटी सरकारला लांबून ऊस नेण्यासाठी पन्नास किलोमीटरच्या पुढे टनाला किलोमीटरमागे पाच रुपये आणि १ मेनंतरच्या उसाला उतारा घटीपोटी टनाला २०० रुपये अनुदान जाहीर करावे लागले. गंमत बघा. राज्याच्या बेरजेत तो हंगाम विक्रमी होता, पण शेवटच्या फडाच्या मालकाच्या बेरजेत तो बुडीत होता. बेरीज मोठी दिसली की वजाबाकी कुणाच्या शेतात झाली हे विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

पाण्याचे गणित

तोडीच्या आधी लागण येते आणि लागणीच्या आधी पाणी. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने उसावरच्या आपल्या अहवालात हिशेब मांडला की महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि तो सिंचनाचे जवळजवळ सत्तर टक्के पाणी घेतो. हा आकडा आला की शहरातले लोक आपल्याला शिव्या देतात. शिव्या बाजूला ठेवू, पण आकडा बाजूला ठेवता येणार नाही.

बांधावरचे गणित करू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या गावात वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर गावाला आभाळातून मिळाले ५० लाख घनमीटर. सुरू उसाला पाटाने हेक्टरी २५० सेंटिमीटर पाणी लागते, म्हणजे २५ हजार घनमीटर. भागून बघा. थेंबभर न उडता, न वाहता, माणसा-जनावरांनी न पिता सगळे पाणी उसाला दिले तरी २०० हेक्टर भिजतात. म्हणजे पाचातला एक वाटा. बाकीचे गाव कोरडे.

आता पुढचा प्रश्न. एका एकरात उसाचे निव्वळ समजा ६०,००० रुपये सुटतात आणि पाणी लागते दहा हजार घनमीटर. हरभऱ्याचे समजा १५,००० सुटतात आणि पाणी लागते एक हजार घनमीटर. एकराने मोजले तर ऊस चौपट. पाण्याने मोजले तर हजार घनमीटरमागे उसाचे ६,००० आणि हरभऱ्याचे १५,०००. जमीन तोकडी असेल तर ऊस, पाणी तोकडे असेल तर हरभरा. निर्णयाच्या गणितातले मोठे सूत्र हेच आहे: जे सगळ्यांत तोकडे आहे त्याच्या एककामागे काय मिळते ते पाहा.

मग शेतकरी मूर्ख आहे म्हणून ऊस लावतो काय? नाही. या हिशेबात एक रकाना राहिला आहे, खात्रीचा. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यायचे असे लिहिले आहे. ते पाळून घ्यायला रस्त्यावर उतरावे लागते हे खरे, पण भांडायला निदान कागद आहे. हरभऱ्याचे १५,००० बाजारात टिकतील याचा कागद कुठे आहे? आयात सुटली, साठ्यावर मर्यादा आली की ते पंधरा हजार पाचावर येतात. शेतकरी ऊस लावतो तो हा धोका मनात धरून. त्याचे मनातले गणित ऑफिसातल्या गणितापेक्षा पुरे असते. ज्या मॉडेलमध्ये भाव कोसळण्याचा रकाना नाही, त्याने शेतकऱ्याला पीकपद्धती शिकवू नये.

पण हेही तितकेच खरे की विहीर आपल्या मनातले गणित ऐकत नाही. नदीकाठच्या जमिनी जास्त पाण्याने मिठागरे झाल्या, त्याची भरपाई कुठला कारखाना देत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर हा हिशेब गावापुढे आणला. पाऊस मोजायचा, भूजलाचा अंदाज घ्यायचा, आधी पिण्याचे बाजूला काढायचे आणि उरलेल्यात पिके ठरवायची. ऊस-केळीसारखी पिके आणि शेतीसाठी खोल बोअर तिथे ग्रामसभेने बंद केले. प्रत्येक गावाने हेच निर्बंध घ्यावेत असे आमचे म्हणणे नाही. वरून बंदी घालायला तर आमचा विरोधच राहील. सांगायचे ते एवढेच की पाण्याचा ताळेबंद मांडायला मोठे यंत्र लागत नाही. लागतो तो एक पर्जन्यमापक, विहिरीत सोडायला दोरी, एक फळा आणि खरे आकडे सांगायची लाज न वाटणारी ग्रामसभा.

चार प्रश्न आणि एक वही

आता कामाचे बोलू. तुमच्या कारखान्यात, बाजार समितीत, पाटबंधारे खात्यात कुणी 'शास्त्रशुद्ध प्रोग्राम' घेऊन आले, तर घाबरू नका आणि हरखूनही जाऊ नका. चार प्रश्न विचारा.

एक, हे गणित कशाचे जास्तीत जास्त आणि कशाचे कमीत कमी करते? उत्तर एका वाक्यात द्यायला लावा. एका वाक्यात देता येत नसेल तर काहीतरी लपले आहे.

दोन, कुणाचा तोटा यात धरलेला नाही? उसाची घट, गेलेला खोडवा, जास्तीचे पाणी, रांगेतले तास यांना रकाना आहे काय? नसेल तर घालायला लावा. घातला की यादी कशी बदलते ते तिथेच बघा.

तीन, आकडे कुणी भरले आणि कुणाला दिसतात? लागणीच्या तारखेची नोंद, तोडीचा क्रम आणि क्रम मोडून तुटलेले फड हे सगळे दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजे. उपग्रहाने आपल्या शेताचा फोटो घेतला तर तो आपल्यालाही दिसला पाहिजे.

चार, अंदाज चुकला तर भरपाई कोण देणार? ज्याच्या चुकीची किंमत दुसरा भरतो, त्याचे गणित कधी सुधारत नाही.

शेवटचे काम सगळ्यांसाठी. प्रत्येक गावशाखेने या हंगामात एक साधी शंभर पानी वही घालावी. फडामागे एक ओळ आणि सात रकाने: लागणीची खरी तारीख, जात, अंतर, नोंदीप्रमाणे तोडीची तारीख, खरी तोडीची तारीख, तोडल्यापासून काट्यापर्यंतचे तास आणि खुशालीसह वरखर्च. महिलांनी ही वही सांभाळावी अशी आमची विनंती आहे, कारण घरातला खरा हिशेब त्यांच्याकडेच असतो. तारखा खोट्या लिहायच्या नाहीत, अगदी आपल्या भावाच्या फडाचीसुद्धा.

पन्नास गावांच्या पन्नास वह्या पुढच्या बैठकीत या टेबलावर आल्या, की त्या आम्ही कॉम्प्युटरमध्ये भरू. कारखान्याचे उद्दिष्ट घालून एक यादी काढू आणि शेतकऱ्याचा तोटा धरून दुसरी काढू. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून कारखान्याच्या वार्षिक सभेत जाऊ. तिथे कुणी 'शास्त्र' म्हणून आपले तोंड बंद करू पाहील, तेव्हा आपल्या हातातही शास्त्रच असेल.

त्या आजींना आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नव्हतो. ते देणे अजून बाकी आहे. वह्या घेऊन या.